पडद्याआडून सांगितलेले वजन

आदरणीय पेडणेकर सिस्टर साठ वर्षांच्या झाल्या म्हणून निघणाऱ्या या अंकात मी लिहावे, असे आपल्या मराठी मंडळाच्या कार्यवाहांनी सांगितले तेव्हा मी दोन दिवस नकारच देत होतो. माझे शिक्षण अकरावी अर्धवट. या अंकात डॉक्टर आणि इंजिनिअर लिहिणार. परंतु सिस्टरांविषयी मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणी लिहू शकणार नाही, कारण त्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे.

सिस्टरांची आणि माझी पहिली भेट सौदीतील जुबैल इथे आमच्या कामगारांच्या कॅम्पच्या दवाखान्यात झाली. मी गुहागर तालुक्यातून मदतनीस म्हणून आलो होतो आणि आठवड्यातच उन्हाने आजारी पडलो होतो. पलंगावर पडल्यापडल्या मी सलाईनच्या बाटलीवर चिकटवलेले माझे नाव वाचले आणि आडनावाचे एक अक्षर चुकले आहे असे त्यांना सांगितले. अंगात ताप असताना असे काही सांगणारा रुग्ण त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी तो कागद बदलून नव्याने लिहिला. पंधरा दिवसांनी मला बोलावून विचारले, "रजिस्टर लिहिशील का? अक्षर चांगलं आहे तुझं. आणि घाबरट आहेस, म्हणजे काळजी घेशील." तेव्हापासून मी दवाखान्यातील नोंदणीच्या टेबलावर आहे.

सिस्टर कुडाळजवळच्या. सौदीत त्यांना तेवीस वर्षे झाली. कॅम्पमधील कोकणी माणसे त्यांना नुसते 'सिस्टर' म्हणतात, पण तो शब्द उच्चारताना हातातली विडी विझवतात. त्या कोणावर मोठ्याने बोलल्याचे मला आठवत नाही. त्या समोरच्याला प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहतात. हे गप्प राहणे फार अवघड असते.

आता त्या प्रसंगाकडे येतो. ज्या बाईंविषयी लिहीत आहे त्यांनी परवानगी दिली आहे, नाव मात्र बदलले आहे. त्यांना मी ॲग्नेस म्हणेन. त्या केनियाच्या. आमच्या कॅम्पला जेवण पुरवणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरात त्या भाजी चिरायला आणि भांड्यांवर होत्या. तिथे आफ्रिकेतून आलेल्या वीस-बावीस बायका काम करतात. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या प्रत्येकाची महिन्याला तपासणी असते: नखे, त्वचा, ताप, वजन. बायकांची तपासणी पडद्याआड होते. मी पुरुष असल्यामुळे पडद्याबाहेर टेबलाशी बसतो. आत एकच नर्स आणि रांग मोठी, म्हणून अशी पद्धत पडली होती की बाईने स्वतःच काट्यावर उभे राहायचे, आकडा वाचायचा आणि पडद्याआडून मला सांगायचा. मी तो लिहीत असे. माझ्या रजिस्टरमध्ये एकही खाडाखोड नव्हती आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या काळात सिस्टरांना चार महिन्यांसाठी दुसऱ्या साइटवरच्या दवाखान्यात पाठवले होते. त्या परतल्या त्या सकाळी व्हरांड्यात ॲग्नेसबाई समोर आल्या. सिस्टर त्यांना पाहून म्हणाल्या की बारीक झालीस, छान दिसतेस. ॲग्नेसबाई हसल्या आणि भराभर निघून गेल्या. दुपारी सिस्टर नेहमीप्रमाणे मागील महिन्यांचे रजिस्टर चाळत बसल्या. एका पानावर त्या थांबल्या. मग मागचे पान, त्याच्या मागचे. मला वाटले शुद्धलेखनाची चूक सापडली.

"ॲग्नेसचं वजन चार महिने एकाहत्तर?"

मी म्हणालो की होय, त्यांनी तसेच सांगितले होते.

"सांगितलं होतं. तू पाहिलंस?"

मी पडद्याकडे पाहिले. त्यांनी रजिस्टर मिटले. मग स्वतःशीच म्हणाल्या, "आणि मी सकाळी तिला शाबासकी दिली."

त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या सुपरवायझरने कंपनीच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार दिली की ही बाई रोज जेवणानंतर न्हाणीघरात जाऊन ओकते. एकट्या राहणाऱ्या बाईविषयी इथे अशी तक्रार आली की लोकांच्या मनात पहिला संशय कोणता येतो, हे या देशात राहणाऱ्यांना सांगायला नको. कार्यालयाने निरोप पाठवला की गुरुवारच्या विमानाने तिला फायनल एक्झिट द्यायचा, म्हणजे कायमचे मायदेशी पाठवायचे, खलास. तो दिवस सोमवार होता.

सिस्टरांनी ॲग्नेसबाईंना विचारून, त्यांच्या संमतीने, तपासणी केली. संशय खोटा होता. तो कागद कार्यालयात गेला, पण निर्णय बदलला नाही. गरोदर नाही तर मग आजारी असेल, आजारी असेल तर कामाला अयोग्य, असे त्यांचे म्हणणे. सिस्टरांनी नाडी पाहिली तेव्हा त्यांचा चेहरा मला पडद्याच्या फटीतून दिसला. नाडी फार मंद होती आणि मधूनच चुकत होती. ॲग्नेसबाईंच्या उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडले होते. इतके दिवस आम्ही सगळे ते भांडी घासून पडले असे समजत होतो. घशात बोटे घालताना दात लागून तसे होते, हे सिस्टरांनी मला नंतर सांगितले. सतत ओकल्याने रक्तातले क्षार कमी होतात आणि हृदय बंद पडू शकते. या अवस्थेत तिला पाच-सहा तासांच्या विमानात बसवले तर ती घरी पोचेलच असे नाही, असे त्या म्हणाल्या.

मोठ्या रुग्णालयात पाठवायला आमच्या डॉक्टरांची सही लागते. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. परंतु त्यांनी जंतांच्या गोळ्या लिहिल्या. त्यांचे म्हणणे असे की हा उपाशी राहण्याचा, ओकण्याचा मानसिक आजार श्रीमंत घरच्या गोऱ्या मुलींना होतो. आफ्रिकन बायका मुळात दणकट असतात. शिवाय रजिस्टर पाहा, वजन चार महिने हललेले नाही. वजन घटल्याची नोंद नसेल तर विम्यावाले मंजुरी देणार नाहीत. त्यांनी माझ्या स्वच्छ अक्षरांवर बोट ठेवले आणि रजिस्टर परत केले.

स्वयंपाकघराच्या कोठीवर आमचे सावंत असतात. सिस्टर माहिती घ्यायला गेल्या तेव्हा ते हसून म्हणाले, "तिला काय होतंय सिस्टर, दगड खाल्ले तरी पचवील ती." दोघेतिघे हसले. खरे लिहायचे तर असे बोलणे कॅम्पमध्ये रोजचे होते आणि मीही त्यात हसलेलो आहे. सिस्टरांनी विचारले, "सावंत, तुमची लेक सायली अशी ओकत असती तर?" आणि त्या गप्प राहिल्या. सावंत हातातल्या कांद्याच्या पोत्याकडे पाहू लागले. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितले की काही महिन्यांपूर्वी कंपनीच्या नव्या उपाहारगृहाच्या काउंटरसाठी बायका निवडल्या होत्या. ॲग्नेसबाईंनी नाव दिले होते. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला होता की आधी काउंटरमागे मावून दाखव. सगळे हसले. ॲग्नेसबाईही हसल्या. तेव्हापासून त्या जेवणाच्या रांगेत शेवटी उभ्या राहू लागल्या होत्या.

मंगळवारी दुपारी सिस्टर ॲग्नेसबाईंच्या शेजारी अर्धा तास नुसत्या बसल्या. मी बाहेर होतो. ॲग्नेसबाई इंग्रजीत हळू बोलत होत्या. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला कळला तो असा: "आमच्याकडे अंगाने भरलेली बाई म्हणजे सुखी घरची. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणेल, पोटभर मिळतंय आणि तू ओकून टाकतेस? या आजाराची चित्रं मी पाहिली आहेत. त्यात माझ्यासारखी एकही नाही. म्हणून मला वाटलं हा आजार नाही, माझा वाईटपणा आहे. सगळे म्हणतात तू मजबूत आहेस. चक्कर आली तर मजबूत बाईने कोणाला सांगायचं?"

सिस्टर बाहेर येऊन माझ्यासमोर बसल्या. त्यांनी रजिस्टर उघडले आणि मला स्पष्ट सांगितले की हे चार आकडे खरे आहेत असे जोवर कागदावर आहे तोवर डॉक्टर सही करणार नाहीत. ते आकडे मी डोळ्यांनी पाहिले नव्हते, असे मीच लिहून सही केली तर ते रद्द होतील.

माझ्या इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाला दोन महिने उरले होते. कंपनीत खोटी नोंद हा घरी पाठवण्याचा गुन्हा आहे. हे त्यांनाही ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "लिहायचं की नाही ते तू ठरव. नाही लिहिलंस तर मी दुसरी वाट शोधीन. वेळ जाईल एवढंच."

त्यांनी आग्रह केला असता तर कदाचित मी चिडलो असतो. त्या पाणी आणायला उठून गेल्या. मी एका कोऱ्या कागदावर आधी कच्चे लिहिले, तीनदा तपासले आणि मग रजिस्टरमध्ये उतरवले: मागील चार महिन्यांतील स्त्री कर्मचाऱ्यांची वजने त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिली आहेत, मी अगर अन्य कोणी ती पाहिलेली नाहीत. खाली सही केली.  सिस्टर परतल्या, त्यांनी वाचले आणि त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिले की ही पद्धत मी इथे असतानाच पडली होती, जबाबदारी माझीही आहे. ते चार महिने तर त्या इथे नव्हत्या. तसे लिहायची त्यांना काही गरज नव्हती.

मग नव्याने वजन करायचे होते. ॲग्नेसबाई काट्यावर चढायला तयार होईनात. त्या आकड्याचीच त्यांना भीती होती. सिस्टरांनी त्यांचे खांदे धरून त्यांना काट्यावर पाठमोरे उभे केले, म्हणजे आकडा त्यांना दिसणार नाही. दुसरा साक्षीदार हवा होता म्हणून ॲग्नेसबाईंना विचारून मला आत बोलावले. इतक्या दिवसांत मी प्रथमच पडद्याच्या आत गेलो. मी आकडा वाचला आणि तोंड उघडणार तोच सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवले. मी तो न बोलता लिहिला. छप्पन्न.

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी ती दोन पाने वाचली.  मग म्हणाले की पुस्तकातल्या फोटोंत मी नेहमी एकाच प्रकारच्या मुली पाहिल्या, आणि सही केली. दुपारी कंपनीच्या गाडीतून सिस्टर स्वतः ॲग्नेसबाईंना अल-खोबरच्या रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथे रक्त तपासताच त्यांना थेट अतिदक्षता विभागात नेले. गुरुवारचे विमान त्यांच्याशिवाय गेले.

ॲग्नेसबाई अकरा दिवस तिथे होत्या. सिस्टरांनी रुग्णालयाचा अहवाल कार्यालयाला दिला, प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर दिले आणि फायनल एक्झिट रद्द झाला. मला लेखी ताकीद मिळाली. सिस्टरांनाही मिळाली. त्यांनी ती माझ्या देखत वाचून नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मला चहा पाजला.

परत आल्यावर ॲग्नेसबाई एकदम बऱ्या झाल्या असे लिहिणे खोटे ठरेल. दोनदा त्या पुन्हा घसरल्या. या आजाराचे समुपदेशन त्या आता फोनवरून त्यांच्याच देशातील एका बाईंकडे घेतात. तो नंबर मिळवायला सिस्टरांना पाच आठवडे लागले. त्या काळात सिस्टर रोज दीड वाजता आपला डबा घेऊन बायकांच्या मेसमध्ये ॲग्नेसबाईंशेजारी बसत. जेव म्हणत नसत, ताटात पाहत नसत. घावणे आणि उसळ सावकाश खात, कुडाळच्या गोष्टी सांगत आणि जेवण झाल्यावर तासभर तिथेच थांबत. काही दिवसांनी त्या टेबलावर आणखी दोघी येऊन बसल्या, एक युगांडाची आणि एक सुदानची. त्यांनाही तोच त्रास होता आणि त्यांनाही कोणी विचारले नव्हते. मंडळाच्या हळदीकुंकवाला सिस्टरांनी हा विषय काढला तेव्हा प्रथम बायका अवघडल्या. आपल्या अल-खोबरच्या दोघींनी नंतर त्यांना बाजूला घेऊन स्वतःच्या मुलींविषयी विचारले, हे मला ठाऊक आहे.

आमच्या दवाखान्यात आता काटा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असतो आणि आत दोघी नर्स असतात. वजन कोणी ओरडून सांगत नाही. कोणी बारीक झाले तर शाबासकी द्यायची नाही, आधी कशी आहेस ते विचारायचे, हा सिस्टरांचा नियम आहे आणि तो त्यांनी स्वतःपासून सुरू केला.

मागच्या आठवड्यात निवृत्तीच्या कागदपत्रांमुळे सिस्टर दोन दिवस जेवल्याच नाहीत. डबा तसाच परत जात होता. मी पाहत होतो, पण बोलायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी दीड वाजता ॲग्नेसबाई आपले ताट घेऊन दवाखान्यात आल्या. सिस्टरांच्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसल्या आणि काहीही न बोलता सावकाश जेवू लागल्या. सिस्टरांनी दोनदा वर पाहिले. मग पेन ठेवले आणि डबा उघडला.

सिस्टर आता कुडाळला जातील. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि तिथेही दीड वाजता त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसणारे कोणीतरी रोज असो, एवढीच माझी मनापासून इच्छा आहे. हे मी स्वतः पाहून लिहिले आहे.