सतरा नंबरची बॉडी

“वाक,” काकू म्हणाल्या.

मी वाकले. मोरीत, उकिडवी. हातात पावडरनं माखलेला काथ्या, समोर त्यांच्या दुपारच्या जेवणाची भांडी. मागून आईचा हात आला. तिनं माझी वेणी उचलली आणि खांद्यावरून पुढं टाकली. पाठ मोकळी केली. वेणी उचल, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून उचलली.

मग काकूंची दोन बोटं माझ्या सदऱ्याच्या कॉलरमधून आत शिरली. गार बोटं. खांद्यावरची पट्टी त्यांनी ओढून बाहेर काढली, उजेडाकडं धरली आणि वाचली.

“सतरा. बरोबर आहे. हिचीच आहे.”

ही, म्हणजे त्यांची मुलगी, ताई. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाचगणीला होस्टेलवर शिकायची, दिवाळीच्या सुट्टीत गंगापूर रोडच्या बंगल्यावर यायची; तिची सुट्टी आमच्या शाळेच्या आधी लागायची. होस्टेलात कपडे एकत्र धुतात, बदलू नयेत म्हणून प्रत्येक मुलीचा नंबर तिच्या प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्यानं शिवलेला असतो. मी भांडी घासत होते, नळाचं पाणी उडून माझा शाळेचा पांढरा सदरा पाठीला चिकटला होता. त्यातून तो लाल आकडा दिसला. ताईच म्हणाली होती, “आई, ही माझी बॉडी घालून बसलीय बघ.” आणि हसली होती. वाईट हेतूनं नाही. हसू आलं म्हणून हसली. त्या वयात त्यांना हसू येतं.

हॉलमध्ये काका पेपर वाचत बसले होते. पेपर जरा वर गेला. तेवढंच.

“कुणी घेतली?” काकूंनी विचारलं.

आई म्हणाली, “पोरीनं घेतली आसंल, काकू. बारकी हाय. समजत नाय तिला.”

आईचं वय काकूंएवढंच. तरी त्या काकू, आणि आई नुसती बाई.

मी घेतली नव्हती. रविवारी सकाळी आईनंच ती पदराखालून काढून माझ्या हातात ठेवली होती. “घाल. आता तशी नको हिंडू.” मी नववीत होते. खो-खो खेळताना पाठीला पोक काढून पळायचे. आईनं ते पाहिलं होतं. ताई अंगानं माझ्या दीडपट, म्हणून आईनं दुपारभर बसून दोन्ही बाजूंना चुण्या घातल्या, पाठीचा हुक दोन बोटं आत घेतला. तरी पुढं पोकळ राहायची आणि काखेत दोऱ्याच्या गाठी रुतायच्या. पण होती. माझ्या वर्गातल्या आमच्या वस्तीतल्या मुलींत मी पहिली.

हे मी त्या मोरीत बोलू शकले असते. बोलले नाही. आईकडं बघितलं. आई नळाकडं बघत होती.

“अगं, मागितली असती तर दिली असती,” काकू म्हणाल्या. “मी कधी नाही म्हटलंय का? पण हे असं न विचारता? बोहारीण उद्या यायचीय, तिच्यासाठी गाठोडं बांधून ठेवलंय मी. काढ आणि ठेव त्यात.”

मागितली असती तर दिली असती. हे वाक्य मी पुढं किती तोंडांतून ऐकलं. पाण्याच्या टाकीबद्दल, जागेच्या पट्ट्याबद्दल, हजेरीपटाबद्दल. प्रत्येक वेळी मला मोरीतला साबणाचा वास आला.

मी मागच्या बाथरूममध्ये जाऊन काढली. गाठोड्यात जुन्या चादरींवर ठेवली. ती चादरींसोबत जाणार होती, एका स्टीलच्या डब्याच्या बदल्यात. तसाच ओला सदरा घातला आणि दप्तर छातीशी धरून निघाले. गंगापूर रोड, मग रविवार कारंजा, मग होळकर पूल, मग पंचवटीच्या पलीकडं आमची वस्ती. पुलावर वारं होतं. दप्तर एकदाही खाली घेतलं नाही. दोन्ही हात आखडून गेले.

आई आली नाही बरोबर. ती भांडी पुरी करायला थांबली.

आता कुणी विचारेल, दुकानातून का नाही आणली? आणायला गेलो होतो. मेन रोडच्या दुकानात, दोघी. काउंटरमागं सगळे बाप्ये. एकानं आईच्या छातीकडं पाहिलं, मग माझ्या, आणि विचारलं, “कुणाला पायजे? हिला का तुम्हाला?” तो मान वर करून माळ्यावरच्या माणसाला ओरडला, “अठ्ठावीस टाक रे खाली.” दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, अठ्ठावीस कोण ते. आईनं माझं मनगट धरलं आणि बाहेर काढलं. वरून फेकलेलं खाली यायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. त्यानंतर तिनं ती पदराखालून आणली. चोरी म्हणा. मी म्हणत नाही. लिहून ठेवते, म्हणत नाही.

पण खरी गोष्ट पुढं आहे.

तीनेक आठवड्यांनी आई मला बुधवारच्या बाजाराला घेऊन गेली. गोदाकाठी जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. बोहारणींनी घरोघरून नेलेलं शेवटी तिथंच येतं. आई भाजीकडं गेलीच नाही. एकेका ढिगापाशी बसून कोपरापर्यंत हात घालत होती. मला वाटलं, माझ्यासाठी स्वेटर बघतेय. चौथ्या की पाचव्या ढिगातून तिनं हात वर काढला. बोटांत लाल सतरा.

भाव केला. घासाघीस केली. पदरात गुंडाळली. पुलाखालच्या पायरीवर बसून माझ्या मांडीवर ठेवली.

“आता ही आपली. इकत घेतलीय. आता कोण काय म्हणंल?”

मी म्हटलं, “नंबर उसव.”

“कशाला? इकत घेतलीय. भ्यायचं कुणाला?”

बंगल्यावर येऊ नकोस, एवढं मात्र तिनं त्याच वेळी सांगितलं.

मी ती बॉडी दोन वर्षं घातली. नंबरासकट. तिला ती जिंकल्यासारखी वाटत होती आणि मला रोज सकाळी हुक लावताना ती गार बोटं पाठीवर लागायची. आईला हे कधी सांगितलं नाही. तू माझं नाव का घेतलंस, हेही विचारलं नाही. घरात बुद्धवंदना व्हायची, आम्ही दोघी शेजारी बसून म्हणायचो, आणि आमच्या दोघींच्या मधे सतरा नंबर बसलेला असायचा.

ती फाटली, तिचं फडकं झालं, फडक्याचाही भुगा झाला. नंबर गेला नाही. उजव्या फऱ्यावर, खांद्याच्या मागं, तेवढी जागा अजून खाजते. रेशनच्या रांगेत मागं कुणी उभं राहिलं की माझी वेणी आपोआप पाठीवर जाते, त्या जागेवर. सभेत मी भिंतीला टेकून बसते. कार्यकर्त्या पोरी चेष्टा करतात, ताईंना भिंत लागते म्हणून. लागते.

कॉलेजात गेले, संघटनेत गेले, पत्रकं लिहायला शिकले. चार ओळींत मागणी, दोन ओळींत इशारा, तळाला आपले विनीत. निफाडच्या साखर कामगारांवर लिहिलं, दिंडोरीच्या द्राक्षबागांत औषध फवारणाऱ्या बायांवर लिहिलं, त्यांच्या हातांची साल कशी जाते ते. माझ्या पाठीवर लिहिलं नाही. शालिमारच्या हातगाडीवरून चौतीस नंबरची न बघता घ्यायची, पेपरात गुंडाळून पिशवीच्या तळाला घालायची आणि घरी दोरीवर टॉवेलखाली वाळवायची. भाषण करताना एका हातात माईक, दुसरा हात खांद्यावरून घसरणारी पट्टी वर ओढायला. लोकांना वाटायचं, ही बोलताना हातवारे करते.

मग दोन हजार सालानंतर कॉलेज रोडला नवं दुकान झालं. काचेचं. नव्या नव्या कंपन्यांचा माल, बंद डब्यात नाही, हँगरला उघडा लटकवलेला. काउंटरला मुली. आणि आरशाची खोली, घालून बघायला. मी आठ दिवस समोरून गेले. नवव्या दिवशी आत गेले.

टेप घेतलेली एक मुलगी आली. सिडकोतली, गप्पिष्ट. तिनं छातीखालून टेप फिरवला आणि विचारलं, “ताई, कोण म्हणालं तुम्हाला चौतीस?”

कुणीच नाही. गाडीवाल्यानं बघून ठरवलं होतं.

“पट्टा बत्तीसचा पाहिजे. कप दोन नंबरनं मोठा. वजन पट्ट्यानं उचलायचं असतं ताई, खांद्यानं नाही.”

तिनं एकामागून एक आणून दिल्या. एकीची जाळी टोचली. एकीची तार काखेत घुसली. एक दिसायला महागडी, पण वाकलं की वरून सगळं बाहेर. पाचवी बसली. साधी, बदामी, कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. हात वर केले, जागची हलली नाही. वाकले, हलली नाही. पाठीमागं हात नेऊन फऱ्यावरची पट्टी चाचपली. सपाट होती. कुणाचा नंबर नाही. मी त्या खोलीतल्या स्टुलावर बसून राहिले. त्या मुलीनं बाहेरून विचारलं, “बसली का ताई?” “बसली,” मी आतून म्हटलं.

आईला आणायचं तिथंच ठरवलं.

आईची पन्नाशी झाली होती. तोवर तीही हातगाडीचंच घालत होती. खांद्यांवर दोन चर, बोट बसेल एवढे. मान धरायची, डॉक्टर मलम द्यायचे. महिनाभर मागं लागले तेव्हा आली. नवं लुगडं नेसून, लग्नाला निघाल्यासारखी.

त्या मुलीनं टेप फिरवला तेव्हा आईनं दोन्ही हात छातीवर आवळून धरले. मग हळूहळू सोडले. “बाई गं, माझ्या लग्नाच्या चोळीला बी येवढं माप न्हवतं घेतलं.” मुलगी हसली. आई पण हसली.

रुंद पट्टीची एक बसली. आई आरशात बघत राहिली. खांदे वर उचलले, खाली सोडले. परत उचलले, परत सोडले.

“खांद्यावर काहीच नाय गं,” ती म्हणाली. “कायबी नाय.”

काढली, आपले कपडे घातले, ती हातावर घेऊन आम्ही गल्ल्यावर आलो. आमच्याआधी दोघी बायका त्याच खोलीतून निघाल्या होत्या, गाडीची चावी बोटात फिरवत. त्यांच्याशी मालकीणबाई हवापाण्याचं बोलल्या. मग आमच्याकडं वळल्या. आईच्या चपलांकडं पाहिलं. टेपवाल्या मुलीला म्हणाल्या, “दोघी आत होत्या ना गं? जरा बघून घे. आतून घालून येतात हल्ली.”

ती मुलगी जागची हलली नाही. पण आई हलली.

आई वळली. मान खाली घातली आणि डाव्या हातानं पदर खांद्यावरून उचलला. पाठ मोकळी केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षं मध्ये गेली होती आणि तोच हात, तसाच, आपणहून.

मी तिचं मनगट धरलं. पदर खाली आणला.

“आई, वळू नको.”

“बघू दे गं. आपुन कुठं काय घेतलंय?”

“म्हणूनच.”

मालकीणबाई म्हणाल्या, “त्यात राग येण्यासारखं काय आहे? दुकानाचा नियम आहे.”

मी म्हटलं, “नियम आहे तर आत्ता गेलेल्या दोघींना परत बोलवा. त्यांच्या पाठी बघा. मग तुमची आम्हाला दाखवा. आमची सगळ्यात शेवटी.”

“आवाज खाली करा. इथं सभ्य बायका येतात.”

“आलोय की.”

मालकीणबाईंनी गल्ल्यावरची ती बॉडी उचलली आणि मागं ठेवून दिली. “तुम्हाला द्यायचं नाही मला,” म्हणाल्या. आम्ही बाहेर पडलो.

सर्कलपाशी आई म्हणाली, “चांगली बसली व्हती.”

खरंच चांगली बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा बसलेली वस्तू मी तिच्या हातातून घालवली होती.

रिक्षा थांब्यावर ती परत बोलली. माझ्याकडं न बघता. “तवा तुझं नाव नसतं घेतलं तर काम गेलं असतं. काम गेलं असतं तर तुझी शाळा. आज मला वळू नको म्हणाया तू शिकली कुठून?”

ती माफी नव्हती. मीही माफ केलं नाही. तिनं केलं ते तिच्याकडून करवून घेतलं गेलं, हे मला पत्रकाच्या भाषेत सांगता येतं. माझ्या पाठीला सांगता येत नाही.

संघटनेच्या बैठकीत मी विषय ठेवला. बॉडी हा शब्द उच्चारला तसे भाऊलोक टेबलाकडं बघायला लागले. एक जुने कार्यकर्ते समजुतीनं म्हणाले, “ताई, पाण्याचा प्रश्न आहे, रेशनचा आहे. त्या बॉडीचं काय, दुसऱ्या दुकानातून आणा आईंना. मी देतो हवं तर आणून.”

मागितली असती तर दिली असती.

पत्रक मी लिहिलं आहे. नेहमीपेक्षा लांब झालं आहे, ते हेच, तुमच्या हातातलं. सोमवारी दुकान उघडेल तेव्हा आम्ही बायका दारात असू. आई येणार नाही म्हणते. न येवो. मागणी एकच आहे. माझ्या आईला ती रुंद पट्टीची बॉडी त्याच दुकानातून मिळाली पाहिजे, त्याच गल्ल्यावरून, पाठ न दाखवता. ती मिळेपर्यंत आम्ही तिथून हलणार नाही. आणि यापुढं कुणाची बोटं आमच्या कॉलरीत आली, तर ती बोटं आम्ही जिथल्या तिथं धरू.

दुसरीकडून आणा, म्हणू नका. दुसरीकडून आम्ही फार वर्षं आणलं.