केळीचं बी पेरणारा विद्वान

वाचनालयात येणाऱ्या मंडळींनो, शाई वाळायच्या आत हे फळ्यावर लावतोय, कारण डोकं अजून तापलेलं आहे.

आज जीवशास्त्राच्या तासाला मास्तरांनी मुंबईहून येणाऱ्या विज्ञान मासिकातला एक लेख वाचून दाखवला आणि त्याचा सारांश व अभिप्राय लिहायला सांगितलं. लेखकमहाशय म्हणतात, केळीचं बी पेरलं की बाग उभी राहते. या विद्वानाने कधी केळं सोलून तरी पाहिलंय का?

आमचा अर्धा वर्ग तापीकाठच्या केळीवाल्यांचा. तरी एकजात सगळ्यांनी लिहिलं, 'लेख उद्बोधक आहे.' मी 'लेख चुकीचा आहे' लिहिलं, तर मास्तर म्हणाले, "छापलेलं कधी चुकतं का रे?"

बाहेर आल्यावर माझ्या बाकावरच्या भगवानला विचारलं, "तुन्हा बागमा काय लावतस?"

"कंद. कालदिनच लावात मी."

"मंग तू आसं काब्र लिखं?"

"शाळामा शाळानं लिखनं पडस. घरनं घरमा ऱ्हास."

त्याच्या नखांत बागेची माती तशीच होती. त्याच हाताने त्याने 'उद्बोधक' लिहिलं.

त्या लेखकाने केळीची बाग पाहिलेलीच नाही, म्हणून त्याला एक वेळ सोडून देऊ. पण याचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा.