खाचराच्या कडेचे दिवे

"सायेब, तुमचा करंट आमच्या भातात उतरतोय," असं म्हणून शेवंतामावशींनी मुळासकट उपटलेला भाताचा चूड माझ्या टेबलावर ठेवला. त्याचा चिखल थेट वार्षिक अहवालाच्या कागदांवर ओघळला.

मी तेव्हा मावळातल्या एका छोट्या नगरपरिषदेत विद्युत अभियंता होतो. वार्षिक प्रशासन अहवाल म्हणजे नगरपरिषदेने वर्षभरात काय केलं याचं छापील पुस्तक. पाणी, गटारं, रस्ते, कचरा, कर, जमाखर्च आणि दिवाबत्ती. ते उन्हाळ्यात निघायला हवं. आमच्याकडे दिवाळीपर्यंत रेंगाळायचं. दिवाबत्तीचं पान माझं. त्या वर्षी त्या पानावर एक वाक्य ठळक अक्षरात जायचं होतं: 'हद्दवाढ भागात शंभर टक्के पथदिवे.'

गाव वाढलं की शेजारच्या वाड्या नगरपरिषदेत घेतात, ती हद्दवाढ. कर लगेच सुरू होतो, सोयी टप्प्याटप्प्याने येतात. नळाला टाकी लागते, जमिनीखाली पाइप लागतात, त्यात वर्षं जातात. खांब मात्र महिन्याभरात उभे राहतात आणि फोटोत छान दिसतात. म्हणून मावशींच्या वाडीला नळाआधी दिवे मिळाले. खरं तर तेही वाडीसाठी नव्हतेच. लोणावळ्यात जागा महाग झाल्यावर शनिवार-रविवारचे बंगले आमच्या बाजूला सरकले होते. वाडीच्या पलीकडे अशी एक सोसायटी झाली होती. तिच्या गेटपर्यंत रस्ता जायचा आणि त्या रस्त्याच्या कडेला मावशींचं भाताचं खाचर होतं.

"करंट उतरतो म्हणजे काय होतं?" मी विचारलं.

"भात निस्तं हिरवंगार वाढतंय. लोंबी न्हाई. बाकी सगळ्यांचं कापायला आलं."

मी माणसं आणि मीटर घेऊन गेलो. मेगर नावाचं एक यंत्र असतं, त्याने वायरच्या आवरणातून वीज झिरपते का ते कळतं. प्रत्येक खांब तपासला. अर्थिंग तपासलं. खाचरातल्या पाण्यात प्रोब टाकून बघितलं. गळती नव्हती. ऑफिसला येऊन मी लेखी उत्तर दिलं: 'विद्युत गळती आढळली नाही. तक्रार निकाली.'

त्यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

"मग भात का न्हाई आलं?" मावशींनी विचारलं.

"ते शेतकी खात्याला विचारा, मावशी. माझं काम विजेचं."

"तितं गेलते. ते म्हनले, खांब नगरपालिकेचे, तितं जा."

मी हसलो होतो. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्या खाचराचं महत्त्व मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मावशींचं बाकी सगळं शेत इंद्रायणी तांदळाचं. आजेसासूपासून घरात राखलेला आंबेमोहर त्या फक्त या एका खाचरात लावायच्या. दुसऱ्या भातात मिसळ होऊ नये म्हणून मुद्दाम लांबचं खाचर. पुढच्या वर्षीचं बियाणं तिथूनच निघायचं. रस्त्याकडेच्या बाकीच्या जमिनींचे प्लॉट पडले होते. मुलगा दत्ता कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता आणि विकायचं म्हणत होता. मावशींनी त्याला सांगितलं होतं, "घरचं बी हाय तवर मी करनार. बी सपलं की तुमचं तुमी बघा." त्या वर्षी खाचर वाया गेलं. कणगीत मागचं थोडं बियाणं होतं. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी ते सगळं पेरलं. मागे काही उरलं नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला सोसायटीची तक्रार आली. वळणावरचा एक दिवा श्रावणापासून बंद आहे. मी शिडीची गाडी घेऊन गेलो. दिव्यांच्या ठेकेदाराचा वायरमन रजेवर होता, म्हणून मीच वर चढलो. वर उभा राहून सहज खाली बघितलं आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

प्रत्येक चालू दिव्याखाली खाचरात हिरवा अर्धगोल होता. कंपासने काढावा तसा, आणि एकाला एक भिडून त्यांनी ते अरुंद खाचर जवळपास सगळं व्यापलं होतं. आणि मी ज्या बंद दिव्यापाशी उभा होतो त्याच्याखाली तेवढ्याच आकाराचा तुकडा पिवळा पडला होता. लोंब्या भरून वाकल्या होत्या.

जमिनीवरून हा आकार दिसत नव्हता. मागच्या वर्षी मी सगळं जमिनीवरूनच तपासलं होतं. आणि तेव्हा सगळे दिवे चालू होते, त्यामुळे तुलना करायला बंद दिवाच नव्हता. शंभर टक्के.

मी तिथूनच कृषी सहायक शिंद्यांना फोन लावला.

"साहेब, भाताला रात्र लागते," ते म्हणाले. "दिवस लहान झाले, रात्र मोठी झाली, की ते पोटरीत येतं, मग निसवतं, म्हणजे लोंबी बाहेर पडते. आंबेमोहर त्या बाबतीत फार हट्टी. रात्रभर दिवा असला तर त्याला वाटतं अजून दिवस मोठेच आहेत. ते वाढत बसतं."

"आता दिवे बंद केले तर?"

"आजच्या आज केले तर उशिरा का होईना, थोडं निसवेल. पंधरवड्याने केले तर पेंढा मिळेल."

खाली उतरून मी मावशींना सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग त्या बांधावरून बंद खांबाकडे चालत गेल्या, लोंबी हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "म्हंजी दोन सालं आमी निस्तं करंट करंट करत बसलो. मग करा की बंद."

इथून पुढचं वाचताना कुणाला वाटेल मी अतिशयोक्ती करतोय. करत नाही.

मुख्याधिकारी मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या आणि त्यांच्यामागे रोज वीस ठिकाणचे फोन होते.

"बंद म्हणजे किती दिवस?"

"महिनाभर, मॅडम. फक्त खाचराजवळचे."

"अहवालात आपण शंभर टक्के छापलंय. त्यावर पुरस्काराचा प्रस्ताव गेलाय. उद्या कमिटी आली तर?"

"कमिटीला भात दाखवू."

"विनोद नको. शेतकी खात्याचं लेखी आणा."

शिंदे म्हणाले, लेखी द्यायला तुमचं पत्र लागेल. पत्र द्यायला मॅडमची सही लागत होती. मॅडम म्हणाल्या, आधी त्यांचं मत येऊ दे, मग पत्र देऊ. या गोल रिंगणात मी आठवडाभर फिरलो.

ठेकेदाराची वेगळीच अडचण. दिवे चालू ठेवायचं काम खासगी कंपनीकडे होतं. दिवा बंद दिसला की त्यांना दंड. पुण्यात त्यांच्या स्क्रीनवर पूर्ण रस्ता लाल व्हायचा. शिवाय खांबागणिक स्विच नव्हता. सगळी रांग एका पॅनेलवर, सोसायटीच्या गेटसकट. असं डिझाइन कुणी मंजूर केलं? मीच केलं होतं. स्वस्त पडलं होतं.

दरम्यान वळणावरचा दिवा मी दुरुस्त केला. तक्रार मुदतीत बंद करावी लागते.

शेवटी वैतागून एका संध्याकाळी मी स्वतः गेलो, पॅनेल उघडलं आणि मेन खाली ओढला. किल्ली पहिल्या दिवसापासून माझ्याच खिशात होती. रस्ता काळोखात गेला. मावशी बांधावर उभ्या होत्या.

पहिला फोन सोसायटीच्या सेक्रेटरींचा. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ.

"अहो, काय चाललंय? इथे बिबट्या फिरतो. बायका-मुलं आहेत."

"आज मंगळवार आहे. बंगल्यात कोण आहे?"

"वॉचमन आहे. तो माणूस नाही का?"

ते बरोबर बोलत होते. वाडीतल्या मुलीही कंपनीतून त्याच रस्त्याने परत यायच्या. दुसरा फोन मॅडमचा.

"कुणाच्या परवानगीने?"

"मॅडम, फक्त थोडे दिवस..."

"आत्ता चालू करा. तुमच्या पेन्शनच्या कागदांवर माझी सही बाकी आहे, हे मी धमकी म्हणून नाही सांगत. उद्या तिथे काही घडलं तर सगळ्यात आधी तुम्ही अडकाल, म्हणून सांगतेय."

मी मेन वर केला. एकेक करत सगळे दिवे लागले. मावशी पदर सावरत म्हणाल्या, "तुमच्या हातात हाय म्हंता, ते येवढंच व्हय?" आणि घराकडे गेल्या.

दोन दिवसांनी दत्ताने शिडी लावून खाचराकडच्या दिव्यांना गोणपाटं बांधली. नीट, सुतळीने, दिव्याला ओरखडा न काढता. मी बघितली. मनात म्हटलं, हे मला का सुचलं नाही? पण ठेकेदाराने ती काढून टाकली, 'नासधूस' म्हणून पत्र दिलं, आणि पोलिसांत तक्रार द्यायला नगरपरिषदेचा जबाबदार अधिकारी लागतो. दिवाबत्तीचा जबाबदार अधिकारी मी.

मॅडम म्हणाल्या, "औपचारिकता आहे. नाव घालू नका, 'अज्ञात इसम' लिहा."

मी अज्ञात इसम लिहून सही केली. वाडीत शिडी कुणाची हे शोधायला पोलिसांना किती वेळ लागणार? दत्ताला बोलावलं, समज दिली, सोडलं. गुन्हा वगैरे काही झाला नाही. पण कंपनीच्या बसच्या कंत्राटदाराला कळलं. त्याने दत्ताला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

खाचराजवळचे दिवे तात्पुरते बंद करायची मंजुरी आली. सर्वसाधारण सभेत ठराव होऊन, रीतसर. तोपर्यंत आजूबाजूची कापणी सुरू झाली होती. मावशींच्या खाचरात भात उभं होतं, माझ्या कमरेएवढं, सुंदर हिरवं आणि रिकामं. वळणाच्या खांबाखालचा तेवढा तुकडा त्यांनी विळ्याने कापून घेतला, बाकीच्यावर गुरं सोडली.

त्या उन्हाळ्यात जमीन विकली गेली. बसचं काम गेलेल्या मुलापुढे मावशी तरी काय बोलणार? वाडीत, बाजारात, आमच्या ऑफिसातही लोक म्हणायचे, म्हातारी शेताचं नुसतं नाटक करत होती, भाव चढायची वाट बघत होती. मी ते ऐकत चहा पीत असे. त्या वर्षीच्या अहवालात माझ्या पानावर छापलं गेलं: 'समाजकंटकांनी नासधूस करूनही हद्दवाढ भागातील दिवाबत्ती अखंड सुरू ठेवण्यात आली.' आणि नगररचनेच्या पानावर: 'नागरिकांचा निवासी विकासास उत्स्फूर्त प्रतिसाद.' पहिलं वाक्य मी लिहिलं होतं. पुढे मी निवृत्त झालो. पेन्शन वेळेत सुरू झाली.

म्हणून हे लिहितो आहे. दत्ताने एकही दिवा फोडला नाही. त्याने गोणपाटं बांधली होती, आणि ती बांधायचं काम माझं होतं. मावशी जमिनीच्या भावासाठी थांबल्या नव्हत्या. भात दोन वर्षं आलं नाही ते आमच्या दिव्यांमुळे, आणि दुसऱ्या वर्षी ते आम्हाला वेळेवर माहीत होतं.

बेगडेवाडीला मी राहतो, तिथे एकदा दत्ता भेटला. आता रिक्षा चालवतो. त्याच्याकडून कळलं की वळणाखालच्या तुकड्याचं बियाणं मावशींनी बेडशाकडच्या एका वाडीत बहिणीला दिलं, ती दरवर्षी लावते, लावणीला मावशीही जातात. आणि आता तिथल्या रस्त्यालाही दिवे मंजूर झालेत.

मी तिथल्या ग्रामसभेला गेलो. माझा तिथे काही संबंध नव्हता. उभा राहून सगळं सांगितलं. मग एक म्हातारे म्हणाले, "दिवं तर पायजेत, सायेब. रातीचं पोरी येत्यात कामावरनं."

"पाहिजेतच. बंद ठेवा असं मी म्हणतच नाही. खांब खाचराच्या पलीकडच्या बाजूला घ्या, दिव्याला खाचराकडून पत्र्याची आड लावा, आणि जवळच्या दिव्यांना वेगळा स्विच ठेवा. रात्र मोठी व्हायला लागली की भात निसवेपर्यंत तेवढेच बंद. स्विचला फार खर्च येत नाही."

ग्रामसेवकाने विचारलं, "याचं लेखी काही आहे का तुमच्याकडे?"

लेखी होतं ते सगळं उलटं होतं, आणि त्याखाली माझी सही होती. मी म्हटलं, आता देतो, आणि तिथेच त्यांच्याकडून कागद मागून घेतला.

लिहून झाल्यावर ग्रामसेवकाने मोठ्याने वाचून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या. ठराव होत आला. मागे बायकांमध्ये शेवंतामावशी बसल्या होत्या. मला त्यांनी ओळख दिली नव्हती. त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "सायेब, त्यो स्विच कुनाच्या हातात ऱ्हानार, ते बी लिवा."

ते राहून गेलं होतं. मी लिहिलं: किल्ली खाचर ज्याचं त्याच्याकडे.