गुळाविना चढाई

सत्तरच्या दशकात, विशीच्या आतच, मला साखरेचा आजार झाला; तोही रोज इन्शुलिनची सुई टोचून घ्यावी लागणारा. उसाच्या मुलखात ही बातमी सांगायची म्हणजे पैलवानाच्या पोरानं आखाड्यातल्या मातीनं शिंका येतात म्हणण्यासारखं. आई सकाळी काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची. मी परीक्षानळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर धरायचो. विटकरी रंग आला की साखर फार, निळाच राहिला की साखर नाही. निळा राहिला की पहिला नंबर आल्यासारखा घरभर मिरवायचो.

सांगलीच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एरवी गोड बंद. पण सुई घेऊन खेळायचं तर साखर फार उतरते. म्हणून त्या दिवशी पोटभर खायचं आणि हात थरथरले की लगेच गूळ तोंडात टाकायचा. कबड्डी बंद होईल म्हणून मी आईला आणि आमच्या कप्तानाला फक्त पहिली गोष्ट सांगितली. कप्तान सुट्टीवर आलेला फौजी. माझ्या तोंडात गोडाचा कण जाऊ देणार नाही, असा शब्द त्यानं आईलाही दिला.

आष्ट्याजवळच्या एका गावात सामना होता. सकाळी रंग निळा. खुशीत पूर्ण सुई टोचली आणि एसटी चुकेल म्हणून अर्धी भाकरी ताटात टाकून पळालो. गाडीत कप्तानाला माझ्या पिशवीत गुळाची पुडी सापडली.

"चोरून खातोस व्हय रं?" म्हणत त्यानं ती खिडकीबाहेर भिरकावली.

यजमानांच्या ओसरीवर रिवाजाप्रमाणे गूळ-पाणी आलं. मी खडा उचलला, कप्तानानं तो काढून ताटलीत परत ठेवला.

"आवं, याला गोड चालत न्हाई."

"दारात आलेला पावना गूळ न शिवता जातोय व्हय?" घरचा म्हातारा म्हणाला. "आमच्या गुळात काय माती हाय?"

"आजोबा, मी आधीच लय गोड हाय. मुंग्या लागत्यात मला," मी म्हणालो. सगळे हसले. म्हातारा हसला नाही.

दुपारी उन्हात चढाईला गेलो. 'कबड्डी कबड्डी' म्हणत मधली रेघ ओलांडली, एवढं आठवतं. पुढचं सगळं ऐकीव. म्हणे मी कुणालाही न शिवता समोरच्या संघामधून चालत गेलो, मागची रेघ ओलांडली आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणतच उसाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. पंचांची शिट्टी वाजत राहिली. लोक पोट धरून हसले, कारण मैदानात सोंगं करण्यात माझं नाव होतं. आणि म्हणे मीही मागं वळून हसलो.

ते हसू मला अजून सोडत नाही. मी तर तिथं नव्हतोच. मग हसलं कोण?

कप्तान पळत आला. "बास कर सोंग." मी गूळ मागितला म्हणे. त्यावरचा त्याचा आवाज तेवढा विहिरीच्या तळातून आल्यासारखा माझ्यापाशी राहिलाय: "न्हाई. तुझ्या आईला शबूद दिलाय."

मग मी कोसळलो. म्हातारा गुळाचा खडा घेऊन आला. त्याला वाटलं, ऊन लागलं. कप्तान आडवा आला. "जहर हाय ते याला."

"असाच मेला तर जहर कुणाला चारशील, गड्या?" म्हाताऱ्यानं त्याला बाजूला ढकललं आणि भिजवलेला गूळ माझ्या गालाच्या आत चोळत राहिला.

बऱ्याच वेळानं ती चिकट बोटं दिसली. मग कप्तानाचा चेहरा. फौजी माणूस, पण डोळे पुसत होता.

परतताना एसटीत मी त्याला डॉक्टरांची दुसरी गोष्ट सांगितली. सांगली मागं पडल्यावर तो म्हणाला, "उसापाशी तू मला कायतरी बोललास."

"काय?"

"ते तू न्हवतास. जाऊ दे."

ते त्यानं कधीच सांगितलं नाही. त्यानंतर तो सुट्टीवर असला की प्रत्येक सामन्याआधी स्वतःच्या खिशातून गूळ काढायचा, माझ्या डोळ्यांत रोखून बघायचा आणि विचारायचा, "तूच हायस न्हवं?"

"न्हाई, माझा भाऊ," मी म्हणायचो. तो हसायचा नाही. खडा तोंडात जाईपर्यंत समोरून हलायचाही नाही.

आता कप्तान नाही. कधी हात थरथरायला लागला की मी गूळ तोंडात टाकून आरशासमोर जातो आणि तोच प्रश्न विचारतो. आरशातला हसला, तर आणखी एक खडा घेतो.