आटपाट नगर कुठल्या तालुक्यात?

सुकदेव तसा वाईट माणूस नाही हो. सिल्वासाच्या धाग्याच्या फॅक्टरीत मशीनवर उभा राहतो आणि रविवारी चर्चमध्ये पोरांचा धर्मवर्ग घेतो. खानवेलच्या वासंतीशी लग्न करताना त्यानं बाप्तिस्मा घेतला, आणि तेव्हापासून गडी जरा जास्तच उत्साही झाला.

त्याची आई मंजुळाबाई शिरपूरकडची. ती हिंदूच राहिली, त्यावरून घरात कधी तंटा झाला नाही. श्रावणात ती नातीच्या, रोशनीच्या, मुठीत तांदळाचे दाणे द्यायची आणि कहाणी सांगायला बसायची. आटपाट नगर होतं, तिथं एक गरीब बाई होती.

गेल्या श्रावणात सुकदेवला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. मध्येच म्हणाला, "आई, हे आटपाट नगर कुठल्या तालुक्यात येतं गं? आमच्या येशूला कुठल्या रोमन सुभेदारानं मारलं, त्याचं नावसुद्धा लिहिलेलं आहे. तो इतिहास आहे. तुझं काय?" रोशनी खो खो हसली. त्या दिवसापासून मंजुळाबाईची कहाणी बंद झाली ती झालीच.

यंदा नवे फादर धर्मवर्गाच्या शिक्षकांना शिकवत होते. बोलता बोलता म्हणाले, "येशूचं क्रूसावरचं मरण खरोखर घडलं, ते आपण सोडत नाही. पण लुटलेल्या वाटसरूला परक्यानं उचलून धर्मशाळेत नेलं, ती गोष्ट येशूनं रचून सांगितली. म्हणून ती खोटी झाली का? शेजारच्या हिंदूंच्या कथा ऐकताना हे ध्यानात असू द्या."

सुकदेवला मान वर करवेना. येशूच्या गोष्टीला एक माप आणि आईच्या गोष्टीला दुसरं, तेही पोरीसमोर. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

घरी येऊन तो आईजवळ बसला. माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं, पण मेली जीभ रेटेना. म्हणाला, "रोशनीला कहाणी सांग ना. मीही ऐकतो."

मंजुळाबाईनं नातीला जवळ घेतलं. "शिरपूर तालुक्यात," ती अडखळत म्हणाली, "थाळनेर गावात एक गरीब बाई होती. माझ्या आजीच्या वेळची गोष्ट."

जन्मात कधी खोटं न बोललेली बाई ती. सुकदेवनं तिचा हात धरला. "आई, असं नको गं सांगू."

ती थांबली. भीतभीत त्याच्याकडे बघत म्हणाली, "गाव चुकलं का रे? मग तूच सांग, कोणतं घालू?"