भावोजींचं पथ्य

आमचे वसंतभावोजी कुणाच्याही घरी गेले, की सोप्यावर बसायच्या आधी थेट स्वयंपाकघरात शिरत, टोपाचं झाकण उचलत आणि आत नाक घालत. "मीठ कमी दिसता," असा वासावरूनच निकाल. स्वतः जन्मात कधी चहा केलेला नाही! माझी थोरली बहीण सुलूताई गोव्यातल्या लाटंबार्स्यात त्यांना दिली, तेव्हा त्यांचे खनिजाचे दोन ट्रक होते. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक विकले, आणि हुकूम सोडायला उरली ती एकटी ताई.

तिला मधुमेह निघाला आणि भावोजींच्या अंगात वैद्य संचारला. डॉक्टर ताईला आहार समजावत होते, तेव्हा हे गृहस्थ बाहेर व्हरांड्यात पंचायतीच्या राजकारणावर गप्पा झोडत होते. घरी आल्यावर ताई सांगू लागली, "भात कमी करूंक सांगलां, नुस्तें चलता म्हणटात..." पण दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देतील तर ते भावोजी कसले!

"आजारी मनशान पेज जेवची! म्हजी आवय पेजेर ऐंशी वर्सां जगली!"

आमच्याकडे तापापासून बाळंतपणापर्यंत पेज हेच पथ्य, हे खरं. पण उकड्या तांदळाची पेज म्हणजे शेवटी तांदूळच की हो! ताईच्या ताटातलं नुस्तं, म्हणजे मासळी, गेली, अंडं गेलं, नारळ गेला. राहिली तिन्ही त्रिकाळ पेज आणि लोणच्याची फोड. भावोजी मात्र रोज सकाळी डिचोलीच्या बाजारात बांगड्यांचे कल्ले उघडून बघणार, आणि ताईनंच रांधलेलं त्यांचं हुमण तिच्यासमोर बसून ओरपणार. वर म्हणणार, "तुका जड जातलें."

साखर वाढत गेली. वाढणारच. मग भावोजींनी चोर पकडला. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेलं, मीही पेडण्याहून आलेली, आणि सगळ्यांसमोर यांनी गुळाचा डबा कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"ही चोरून गूळ खाता. नाजाल्यार साखर वाडता कशी?"

दुसऱ्याच्या परड्यातलं फूलसुद्धा न विचारता न तोडणारी माझी बहीण! मान खाली घालून पाहुण्यांना नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वाढत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "भावोजी, तिच्या पेजेत काय असतं ते तरी बघा!"

"तू म्हाका शिकोव नाका," ते म्हणाले. "पेजेक कोण नाव ठेवता?"

त्याच वर्षी ताईच्या डोळ्यांपुढे जाळं आलं. साखर फार दिवस वर राहिली, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं झाली, पण गेलेली नजर परतली नाही. उजव्या डोळ्यानं आता काहीच दिसत नाही, डाव्यानं अंधुक.

आणि मग भावोजींनाच मधुमेह निघाला. या खेपेस स्वारी आत खुर्चीत बसली आणि डॉक्टरांचा शब्दन् शब्द ऐकून आली. दुसऱ्या दिवसापासून घरात मेजवानीच सुरू! तिसऱ्यांचं सुकं, तांबडी भाजी, मुगाची उसळ, अंड्याची पोळी, काकडीची कोशिंबीर आणि भात मूठभर. पेज बंद. दोघांसाठी वेगवेगळं कोण रांधणार, म्हणून ताईही तेच जेवू लागली. गोळ्या त्याच होत्या, तरी काही महिन्यांत तिची साखर उतरली.

झालं! भावोजी बाजारभर सांगत सुटले, "सुलूची साखर म्यां उतरयली. पेज सोड म्हटलें, आयकलें, बरी जाली!" लाज कशाशी खातात ते या माणसाला ठाऊक नाही. मी ताईला म्हटलं, "अगं, एकदा तरी विचार त्यांना त्या गुळाचं."

"विचारलें गो," ती म्हणाली. "म्हणाले, कसलो गूळ?"

परवा त्यांच्याकडे जेवायला होते. ताई ताटावर वाकून बोटांनी चाचपत बांगड्याचे काटे काढत होती. सगळ्यांचं होत आलं तरी तिचा अर्धा बांगडा तसाच. भावोजी बोटं चाटत उठले, हात धुऊन आले आणि ढेकर देत म्हणाले, "सावकाश गो सुलू. आपली काळजी आपणच घेवची पडटा."