वस्तीचा कॅन

सत्तरच्या दशकात मी शिरूरजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात टेस्टर होतो. नुकताच कोर्स करून आलेलो, अर्ध्या हळकुंडानं पिवळा. न्हावऱ्यापुढच्या एका गावातून रोज एक कॅन नासका यायचा. तो बौद्धवस्तीचा. त्यांचं दूध गावच्या दुधात मिसळत नसत. सोसायटीनं एक जुना, फुटलेल्या सांध्याला डाग देऊन जोडलेला कॅन त्यांच्यासाठी वेगळा ठेवला होता. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

"त्यांचं दूधच खराब हाय," सोसायटीचे चेअरमन म्हणाले. "तपासा की."

मी कॅन ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतला, त्यात चांगलं दूध ओतलं आणि नमुन्यात निळं औषध टाकलं. दुधात जंतू फार असले की हा रंग उडतो. रंग संध्याकाळपर्यंत टिकला. कॅन स्वच्छ, दूध खराब, असं मी ऐटीत लिहून दिलं.

वस्तीतली एक विधवा बाई एका म्हशीवर घर चालवायची. ती एसटीनं केंद्रावर आली. "साहेब, बाटलीत दूध आनलंय. माझ्यापुढं तपासा."

"आता गरज नाही," मी म्हणालो. वस्तीचं दूध बंद झालं.

कॅन केंद्रात परत आला. त्यात ठेवलेलं आमचंच दूध नासलं, तेव्हा मी तो नीट तपासायला घेतला. सांध्याच्या खाचेत तार घातली, तर पिवळसर, बुळबुळीत थर निघाला. तो ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून, उकळून गार केलेल्या दुधात टाकला आणि निळं औषध घातलं. संध्याकाळपर्यंत रंग निळाच राहिला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पांढराफटक. थरातले वरचे जंतू ब्लीचिंगनं मरत होते. खालचे खाणं, श्वास आखडून पडून राहत होते. रंग उडतो तो त्यांच्या श्वासानं. ब्लीचिंगचा जोर ओसरला की ते पुन्हा दुधावर तुटून पडत. मी त्यांना मेलेले समजलो होतो.

मला स्वतःची शरम वाटली. भांडून नवा कॅन मिळवला आणि सांगायला वस्तीवर गेलो. बाई कांद्याच्या खुरपणीवरून नुकतीच आली होती.

"मावशी, चूक माझी. दूध चांगलं होतं, कॅन खराब होता. आता नवा आणलाय."

"म्हस तवाच इकली," ती म्हणाली. मग कॅनकडं बघत राहिली. "ह्यो बी आमचा येगळाच व्हय?"

ओळखू यावा म्हणून त्याच्यावर लाल पट्टा मीच रंगवला होता. मी हो म्हणालो.